आमचे वर्ग परत द्या: चित्रसंग्रहाच्या व्यवस्थापक मंडळास खुले पत्र

प्रति,
व्यवस्थापक मंडळ,
सामायिक चित्रसंग्रह

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात एका रात्री संग्रह उघडला तर डावीकडची वर्गांची यादी गायब. आधी वाटलं, पान नीट उघडलं नसेल. दोनदा रिफ्रेश केलं. मग वरच्या पट्टीतली तुमची सूचना दिसली: 'वर्गव्यवस्था बंद करण्यात आली आहे. यापुढे सर्व चित्रे एकाच प्रवाहात दिसतील व टॅग आपोआप लागतील. शोध आता अधिक सोपा!' त्या उद्गारचिन्हाकडे मी बराच वेळ बघत बसले.

माझं नाव तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीचं असण्याचं कारण नाही. मी संग्रहात नऊ वर्षं आहे. माझ्या खात्यावर अकरा हजारांच्या वर नोंदी आहेत, आणि त्यात माझी स्वतःची चित्रं जेमतेम सहाशे. बाकी सगळं काम दुसऱ्यांनी चढवलेली चित्रं जागेवर लावण्याचं. या कामाला कुणी दाद देत नाही आणि ती मागायलाही मी आलेली नाही. वर्ग परत द्या, हे म्हणणं मी तुमच्या संपर्काच्या पानावरून तीनदा पाठवलं. तिन्ही वेळा 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' एवढं ठरीव उत्तर आलं. संग्रह सगळ्यांचा आहे, तेव्हा आता सगळ्यांसमोरच लिहिते.

ज्यांनी हे काम कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कॅमेरा फोटोला स्वतःहून नाव देतो ते चार अक्षरं आणि चार आकडे असं. आकडे ०००१ पासून ९९९९ पर्यंत जातात आणि पुन्हा ०००१ वर येतात. कॅमेरेवाल्यांनी आपसांत ठरवलेला हा नियम आहे, त्यामुळे जगातल्या असंख्य फोटोंचं नाव 'आयएमजी_०००१' हेच आहे. असा एखादा फोटो संग्रहात येतो. वर्णनाच्या रकान्यात एक टिंब असतं, कारण रकाना रिकामा सोडता येत नाही. चढवणारा निघून जातो, तो परत येत नाही. मग आमच्यापैकी कुणीतरी तो फोटो उघडतं, मोठा करतं, कोपऱ्यातली अर्धवट पाटी वाचायचा प्रयत्न करतं, त्याच माणसानं त्याच दिवशी चढवलेले बाकीचे फोटो चाळतं, आणि शेवटी त्याला नाव, तारीख, वर्णन आणि वर्ग देतं. कधी दोन मिनिटांत होतं, कधी दोन आठवडे जातात.

आपोआप टॅग लावणारं तुमचं यंत्र हे सेकंदात उरकतं, मान्य. पण ते नेमकं काय उरकतं, ते एका फुलपाखरावरून दाखवते.

कॉमन मॉर्मन नावाचं काळं फुलपाखरू आहे. त्याच्या माद्या वेगवेगळ्या रूपांत दिसतात. काही नरासारख्याच, काही थेट 'कॉमन रोज' या दुसऱ्याच जातीच्या फुलपाखरासारख्या, काही 'क्रिमसन रोज' या तिसऱ्या जातीसारख्या. ही दोन्ही 'रोज' फुलपाखरं विषारी असतात, म्हणून पक्षी त्यांना तोंड लावत नाहीत. मॉर्मन विषारी नाही, पण तिच्या मादीनं रोजचा वेष घेतला की तिचाही जीव वाचतो. ही सोंगं इतकी हुबेहूब आहेत की एकेकाळी अभ्यासकांनीही त्यांना वेगवेगळ्या जाती मानलं होतं. या सगळ्या एकाच जातीच्या माद्या आहेत हे १८६५ साली निसर्गअभ्यासक आल्फ्रेड वॉलेस यांनी मांडलं. आता फोटोत दोघींना वेगळं कसं काढायचं? पंखांकडे बघून फसायला होतं. पोटाकडे बघायचं. रोजचं अंग लाल असतं, मॉर्मनचं काळं.

संग्रहात 'कॉमन मॉर्मन, मादी, रोजचं रूप' असा वर्ग होता. त्यात एक्केचाळीस चित्रं होती. प्रत्येक चित्र मोठं करून मी पोटाचा रंग पाहिला होता. सात चित्रांत पोट पानाआड किंवा पंखाआड गेलं होतं, ती 'खात्री नाही' या उपवर्गात ठेवली होती. परवा पाहिलं, तर एक्केचाळीसपैकी छत्तीस चित्रांवर 'कॉमन रोज' असा टॅग आहे. पक्ष्यांना चकवणाऱ्या सोंगाला तुमचं यंत्रही भुललं. त्याबद्दल मला त्याचा राग नाही, मीही सुरुवातीला भुलले होते. 'खात्री नाही' हा उपवर्ग मात्र कुठल्याच टॅगमध्ये उतरलेला नाही, आणि त्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. यंत्राला ती सात चित्रंही खात्रीनं ओळखू आली.

चूक दुरुस्त होते. मी कितीतरी चुका केल्या, त्या दुसऱ्यांनी सुधारल्या, आणि कुणी, कधी, का बदललं हे चित्राच्या इतिहासात राहिलं. आता चूक सुधारायला जाण्याची जागाच तुम्ही उचलून नेली आहे. चित्राच्या पानावर टॅग दिसतात, पण ते कुणी लावले, कशावरून लावले, याचा पत्ता नाही.

तुमच्या सूचनेत 'वर्ग' हा शब्द ज्या हलक्या हातानं वापरला आहे, त्यावरून वाटतं की वर्ग म्हणजे कपाटातला कप्पा, एवढीच तुमची समजूत आहे. कप्पा काढला तरी वस्तू तर आहेच, मग बिघडलं कुठे? बिघडलं ते असं. नऊ वर्षांत आमच्या वर्गांत नुसती चित्रं साठली नव्हती. त्या चित्राचं काय करायचं आणि काय करायचं नाही, हे एकानं दुसऱ्याला सांगून ठेवलेलं होतं. वर्ग गेले तेव्हा ते सांगणंही गेलं.

सगळ्यात गंभीर उदाहरण आधी देते, कारण ते आज, आत्ता चालू आहे. फोनवर काढलेल्या फोटोच्या आत बहुतेक वेळा अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात, आणि ते काही मीटरपर्यंत नेमके असतात. दुर्मीळ आमरी (ऑर्किड), घुबडाची ढोली, घरट्यावर बसलेली मादी, असे फोटो आले की आम्ही ते 'ठिकाण झाकलेलं' या वर्गात टाकायचो. त्या वर्गातल्या चित्राचं ठिकाण नकाशावर दाखवायचं नाही, असा नियम जुन्या व्यवस्थेत घातलेला होता. नियम वर्गाला टांगलेला होता. तुम्ही वर्ग काढलात, नियम खाली पडला. आणि नव्या पानावर तुम्ही हौसेनं मोठा नकाशा दिला आहे. मी एका ढोलीच्या फोटोवर टिचकी मारली तर नकाशा झाडापर्यंत गेला. आयनॅचरलिस्टसारखी निसर्गनोंदींची संकेतस्थळं धोक्यातल्या जातींची ठिकाणं आपोआप धूसर करतात, खरा बिंदू दाखवण्याऐवजी सुमारे ०.२ अंशांचा चौकोन दाखवतात. तो विषुववृत्तापाशी बावीसेक किलोमीटर रुंद पडतो. हे नवं नाही, अवघडही नाही. आपल्याकडे ते होतं. तुम्ही ते काढलंत, आणि काढलं हे तुम्हाला माहीतही नसावं असा माझा संशय आहे.

दुसरं उदाहरण डुप्लिकेटचं. 'एकसारखी १९ हजार चित्रे हटवून जागा मोकळी केली' असं तुम्ही अभिमानानं जाहीर केलंत. एकसारखी म्हणजे काय, हे कुणी ठरवलं? फाइल बाइटशः तीच आहे का, हे पाहायचं असेल तर तिचा ठसा काढतात, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणितानं एक ठरावीक लांबीचा आकडा. शा-२५६ सारख्या पद्धतीत एक बिट जरी बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. अशा जुळ्या फाइली खुशाल काढा, आम्हीच कितीदा काढल्या आहेत. पण तुम्ही वापरलेली पद्धत 'दिसायला सारखं' शोधणारी दिसते. तिचा साधा प्रकार असा चालतो: चित्र आठ बाय आठ चौकटींइतकं लहान करतात, रंग काढून करड्या छटा ठेवतात, आणि प्रत्येक चौकट सरासरीपेक्षा उजळ की काळोखी एवढंच लिहितात. चौसष्ट शून्य-एकं. दोन चित्रांची ही चौसष्ट उत्तरं जवळपास जुळली की चित्रं सारखी.

आता माझ्या वडिलांच्या फोटोंकडे येते. ते पुलांच्या कामावर ओव्हरसियर होते. एका रोलमध्ये बारा फोटो येणारा त्यांचा कॅमेरा होता आणि फोटो मोजूनमापून काढायची सवय. एका दगडी पुलाच्या कमानीला तडा गेला होता. त्याचा फोटो त्यांनी काढला, आणि अकरा वर्षांनी त्याच जागी उभं राहून, त्याच अंतरावरून, पुन्हा काढला. तडा किती वाढला ते दिसावं म्हणून. दोन्ही निगेटिव्ह मी स्कॅन करून संग्रहात चढवल्या, 'जोडी-चित्रं, वगळू नयेत' या वर्गात ठेवल्या. आठ बाय आठ चौकटींत तडा उरतो का? कमान उरते, आकाश उरतं, तडा उरत नाही. त्यामुळे दुसरा फोटो 'एकसारखा' म्हणून हटवला गेला. पहिला आहे. त्याच्याखाली आता 'पूल, दगड, आकाश' असे तीन टॅग आहेत. त्या दोन फोटोंमधला फरक हाच त्या फोटोंचा विषय होता, आणि तो तुमच्या मोजपट्टीला दिसतच नाही.

मूळ निगेटिव्ह माझ्याकडे आहे, मी पुन्हा चढवू शकते. ज्यांच्याकडे मूळ राहिलेलं नाही त्यांचं काय? संग्रहात चित्र सुरक्षित आहे या भरवशावर लोकांनी घरच्या प्रती टाकून दिल्या आहेत. तो भरवसा आपणच त्यांना दिला होता.

तारखांचा गोंधळ तर हसावं की रडावं असा आहे. वडील निगेटिव्हच्या पाकिटावर पेन्सिलीनं तारीख लिहीत. एका पाकिटावर '१४-२-६९, ति. गाळा, सेंटरिंग काढताना' असं आहे. म्हणजे १९६९ साली पुलाच्या तिसऱ्या गाळ्याचं सेंटरिंग, बांधकाम पक्कं होईपर्यंत खालून दिलेला तात्पुरता आधार, उतरवतानाचा फोटो. तुमच्या कालपट्टीवर हा फोटो २०१७ मध्ये आहे, कारण तो स्कॅन २०१७ साली झाला. फोटोच्या आत माहिती लिहिण्याची एक्झिफ ही पद्धत १९९५ पासून आहे. तिच्यात फोटो कधी काढला याचा रकाना वेगळा, तो डिजिटल कधी झाला याचा वेगळा, आणि फाइल शेवटची कधी बदलली याचा आणखी वेगळा आहे. तीन रकाने आहेत आणि तुम्ही नेमका चुकीचा उचललात. आम्ही तर याहूनही पुढे जाऊन वर्णनात मूळ तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमानं लिहायचो, १९६९-०२-१४ अशी. त्यानं '३-४-६९' म्हणजे एप्रिल की मार्च हा घोळ होत नाही, आणि नावाप्रमाणे रांग लावली की काळाप्रमाणेही आपोआप लागते. १९८८ पासून तारखेचं हेच आंतरराष्ट्रीय मानक आहे. हे सगळं जुन्या वर्णनात होतं.

होतं म्हणते, कारण वर्णनंही कापली गेली आहेत.

ही गोष्ट देवनागरीत लिहिणाऱ्या प्रत्येकानं वाचावी. नव्या व्यवस्थेत वर्णनाला २५५ ची मर्यादा आहे. ती २५५ अक्षरांची नाही, २५५ बाइटची आहे. बाइट म्हणजे संगणकातल्या साठवणुकीचं माप. रोमन लिपीतलं साधं अक्षर एका बाइटमध्ये मावतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट घेतं, आणि चिन्ह म्हणजे मूळ अक्षर वेगळं, काना-मात्रा वेगळी, अक्षराचा पाय मोडणारं हलन्त वेगळं. 'स्त्री' या एका शब्दात अशी सहा चिन्हं आहेत, म्हणजे अठरा बाइट. रोमनमध्ये लिहिणाऱ्याला २५५ अक्षरं, आम्हाला ८५ चिन्हं. मधल्या मोकळ्या जागा एकेका बाइटच्या, त्यामुळे कात्री पुष्कळदा चिन्हाच्या मधोमध पडते आणि वर्णनाच्या शेवटी काळ्या चौकटीतलं एक प्रश्नचिन्ह उरतं. आणि वर्णनाच्या शेवटी काय असायचं? श्रेय. छायाचित्रकाराचं नाव आणि परवाना. क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'श्रेय द्या' परवाना म्हणतो की निर्मात्याचं नाव द्या, परवाना कोणता ते सांगा, बदल केला असेल तर तोही सांगा. हजारो चित्रांखालची ती ओळ आता नाही. लोकांनी ज्या एका अटीवर आपली चित्रं दिली, ती अट आज आपला संग्रहच मोडतो आहे.

शोधाची कथा थोडक्यात सांगते. 'पायऱ्या' शोधलं की निम्म्या पायऱ्या सापडतात. 'ऱ' संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो, एक स्वतंत्र चिन्ह म्हणून आणि दुसरा र अधिक नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, आणि युनिकोड या लिपींच्या जागतिक मानकाच्या नियमानं ते एकच मानायचे असतात. जुना शोध तसं मानत होता, नवा मानत नाही. शिवाय तुमचे टॅग आधी इंग्रजीत तयार होऊन मग मराठीत येतात, हे लपत नाही. वडिलांच्या त्याच सेंटरिंगच्या फोटोत मागे गर्डर उचलणारी क्रेन उभी आहे. तिला टॅग मिळाला आहे: 'क्रौंच पक्षी'. इंग्रजीत यंत्राला आणि पक्ष्याला एकच शब्द आहे, त्याची ही कृपा. ज्या संग्रहात क्रौंचाचे खरे फोटो शोधायला पक्षीमित्र येतात, तिथे आता त्यांना पुलाचं बांधकाम बघायला मिळेल. वडील असते तर खूप हसले असते.

जुने दुवे मेले, हेही सांगायला हवं. चित्रांचे पत्ते बदलून लांबलचक आकडे झाले. शिक्षकांनी पाठांत, विद्यार्थ्यांनी प्रकल्पांत, छोट्या मासिकांनी लेखांत वापरलेल्या आपल्या चित्रांच्या जागी आता फुटकी चौकट दिसते. पत्ते बदलू नयेत हे वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच लिहून ठेवलं आहे, आणि बदलावेच लागले तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठवायची ३०१ ही सोय वेबमध्ये फार पूर्वीपासून आहे. एका ओळीचं काम नाही, पण एका आठवड्याचं नक्की आहे.

आता तुमची बाजू. वर्गव्यवस्थेत घाण साचली होती, हे मी नाकारत नाही. 'विविध' नावाच्या वर्गात चार हजार चित्रं पडून होती. एका ठिकाणी 'जुने पूल' हा वर्ग 'दगडी पूल' या वर्गात होता आणि 'दगडी पूल' पुन्हा 'जुने पूल' मध्ये, नवखा माणूस तिथे गोल गोल फिरायचा. एकेक चित्राचे वर्ग होते. वर्गाचं नाव एकवचनी असावं की अनेकवचनी, यावर दोन सदस्यांनी पाच महिने भांडण केलं, त्यातली एक मी. एकदा मी 'उजवीकडे तोंड असलेली फुलपाखरं' असा वर्ग काढला तेव्हा माझी यथेच्छ चेष्टा झाली होती. (पुढे एका मांडणीकारानं आवर्जून आभार मानले. पानाच्या डाव्या बाजूला लावायला त्याला आत बघणारंच चित्र हवं असायचं.) शिवाय एक चित्र एकाच फांदीवर टांगायचं म्हटलं की अडचण येतेच. तिसऱ्या गाळ्याचा फोटो पुलांत ठेवू, बांधकामात ठेवू, की १९६९ मध्ये? यावरचं उत्तरही जुनं आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३ साली पुस्तकांसाठी कोलन वर्गीकरण आणलं तेच मुळी एका विषयाला अनेक अंगांनी पकडण्यासाठी: वस्तू कोणती, कशाची, काय क्रिया, कुठे, केव्हा. अशी अंगं वेगळी नोंदवली आणि शोधताना एकत्र जुळवली की झाडाच्या फांद्या मोजत बसावं लागत नाही. टॅग हे त्याच घराण्यातले आहेत, मला टॅगचं वावडं नाही.

विकिपीडियाला चित्रं पुरवणाऱ्या विकिमीडिया कॉमन्सकडे बघा. २००४ मध्ये सुरू झालेल्या त्या भांडारात आज १० कोटींहून जास्त फाइली आहेत. तिथेही वर्गांचं जंगल आहे, तिथेही लोक वैतागतात. २०१९ पासून तिथे चित्रात काय दिसतं याची यंत्राला वाचता येईल अशी नोंद करता येते. पण ती नवी सोय जुन्या वर्गांच्या शेजारी आली. आदल्या रात्री वर्ग आणि सकाळी प्रवाह, असं झालं नाही. आपला संग्रह त्याच्यापुढे चिमुकला आहे, आपल्याला तर हे जास्त सोपं होतं.

यंत्राच्या सूचनांचा मला उपयोगच होईल. चार हजारांच्या 'विविध' मधून 'यात फुलपाखरू दिसतंय' एवढं जरी त्यानं वेगळं काढून दिलं तरी माझा महिना वाचेल. पोट लाल की काळं ते मी बघेन. तुम्ही त्याला माझ्या शेजारी बसवलं असतंत तर मी पत्र लिहिलं नसतं. तुम्ही त्याला माझ्या खुर्चीवर बसवलंत, आणि मला न विचारता.

म्हणून मागण्या. सोप्या भाषेत लिहिते, अर्थ लावावा लागू नये.

१. ठिकाणाचा नकाशा आज बंद करा. 'ठिकाण झाकलेलं' या जुन्या वर्गातली चित्रं पुन्हा झाकली गेल्याशिवाय तो चालू करू नका. यासाठी बैठकीची वाट पाहू नका.

२. जुने वर्ग, वर्णनं आणि बदलांचा इतिहास यांची शेवटची पूर्ण प्रत कुठल्याही सदस्याला उतरवून घेता येईल अशी ठेवा. बदलायची मुभा नसली तरी चालेल, पण बघता आली पाहिजे. ही माहिती तुमच्या जुन्या सर्व्हरवर अजून आहे, असं तुमच्याच एका तांत्रिक मदतनिसानं चर्चेत लिहिलं आहे. ती पुसली जाण्याआधी हे व्हायला हवं.

३. 'एकसारखी' म्हणून हटवलेली चित्रं परत आणा. त्यातल्या बाइटशः जुळ्या पुन्हा काढायला काहीच हरकत नाही. बाकीच्या जोड्या माणसानं बघायच्या. बघायला आम्ही तयार आहोत, यादी द्या.

४. यंत्राचे टॅग वेगळ्या रकान्यात, वेगळ्या रंगात, 'सुचवलेले' असं लिहून ठेवा. कुणी सदस्यानं मान्य केल्यावरच ते शोधात यावेत, आणि मान्य करणाऱ्याचं नाव इतिहासात राहावं. 'खात्री नाही' हे उत्तर देण्याची सोय माणसालाही हवी आणि यंत्रालाही.

५. वर्णनाची मर्यादा बाइटमध्ये मोजणं थांबवा, कापलेली वर्णनं भरून द्या, आणि श्रेय व परवाना यांना स्वतःचा रकाना द्या. तो वर्णनाच्या शेपटाला नको.

६. काढल्याची तारीख आणि स्कॅनची तारीख वेगळी दाखवा. जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्यांकडे वाट करून द्या.

आणि सातवी, तिला आकडा देत नाही कारण ती सगळ्यांच्या मुळाशी आहे: पुढचा असा निर्णय घेण्याआधी चर्चेच्या पानावर निदान दोन महिने तो मसुदा म्हणून ठेवा. वर्गव्यवस्था बंद होणार हे 'ठिकाण झाकलेलं' सांभाळणाऱ्या सदस्याला आदल्या दिवशी नुसतं कळवलं असतं, तरी त्यानं पाच मिनिटांत सांगितलं असतं की त्याला एक नियम टांगलेला आहे.

मंडळातली माणसंही आमच्यासारखीच बिनपगारी राबतात, सर्व्हरचा खर्च वाढत चालला आहे, हे मला ठाऊक आहे. हा बदल कुणी वाईट हेतूनं केला, असं मी म्हणत नाही. वरच्या सहापैकी तीन कामांत मी स्वतः रोज दीड तास द्यायला तयार आहे, आणि चर्चेत आणखी चौदा जणांनी तसं लिहिलं आहे. पंधरा दिवसांत उत्तराची अपेक्षा आहे. उत्तर होकारार्थीच हवं असा हट्ट नाही, पण ते एखाद्या माणसानं लिहिलेलं असावं.

कळावे,
आपल्या संग्रहाची एक सदस्य

ता.क. हे पत्र पाठवण्याआधी तिसऱ्या गाळ्याच्या फोटोवरचा 'क्रौंच पक्षी' काढून बघितला. 'टॅग काढला' असं उत्तर आलं. पान रिफ्रेश केलं तेव्हा तो परत आला होता, आणि शेजारी 'पाणथळ जागा' हा नवा टॅगही होता.